मरायला कोण बसणार?

यल्लाप्पा मिस्त्रीने जुन्या पिकअपचं पुढचं चाक उतरवलं आणि झिजून पत्र्यासारखी झालेली ब्रेकची डिस्क दाखवली. तिला केसाएवढा तडाही गेला होता.

"दोन्ही बाजूंच्या बदला, शेठ. जाड, चांगल्या घाला. ही घाटात फुटेल."

"नुसते पॅड टाक. महिनाभर निघेल," शेठ दात कोरत म्हणाला.

दिनकर ड्रायव्हर बाजूलाच उभा होता. रोज सकाळी शेठच्या काजू कारखान्यात कामाला जाणाऱ्या अठरा बायकांना तोच या गाडीतून घाटाखाली नेत असे. तो म्हणाला, "मग उद्या तुम्हीही बसा माझ्या शेजारी."

शेठ खदखदून हसला. "मी कशाला मरायला बसू?"

दिनकरला शिसारी आली. नऊ वर्षं तो या माणसाला देवमाणूस म्हणत आला होता. दिनकरच्याच शब्दावर विसंबून बायका कामाला लागल्या होत्या. त्याला स्वतःचीही किळस वाटली. त्याने किल्ली मिस्त्रीच्या बाकड्यावर टाकली.

"अरे, घालतो नव्या डिस्क! रुसतोस काय?" शेठ मागून ओरडला.

दिनकर वळला नाही. शेठ काय बोलला, ते त्याला अंधार पडायच्या आत अठरा घरी जाऊन सांगायचं होतं.