चौथा मुक्काम

"आजोबा, एवढं काय घेतलंय?" विमानतळावरच्या कारकुनाने काट्यावरचं गाठोडं उचलून पाहिलं. विमान जेमतेम नऊ जणांचं, त्यामुळे इथे सामानाबरोबर माणसंही तोलली जायची.

"सहा दिवसांची शिदोरी आहे. आणि पांघरुणं."

"अहो, पलीकडचा विमानतळ एकाहत्तर किलोमीटरवर आहे. अठरा मिनिटं लागतात!"

म्हाताऱ्या वाटाड्याला ही थट्टाच वाटली. तीस वर्षं त्याने माणसांना खिंडीतून पलीकडे नेलं होतं, आणि त्या खिंडीने सहा दिवसांच्या आत कुणालाही सोडलं नव्हतं. पण तोंडाला तोंड द्यायची ही वेळ नव्हती. सात वर्षांची नात कालपासून पोट धरून कण्हत होती. हॉस्पिटल खिंडीपलीकडे, मुलगा कामासाठी परगावी आणि सुनेचे दिवस भरलेले. गाठोडं काट्यापाशीच टाकून, नातीला कडेवर घेऊन तो विमानात चढला आणि वैमानिकाच्या मागच्या सीटवर बसला.

विमान उडालं तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तर खाली पहिला मुक्काम. दोन झोपड्या आणि ओढा, बघता बघता मागे पडला. ज्या चढावर त्याची खेचरं अडून बसायची, जिथल्या बर्फात त्याच्या पायाची दोन बोटं गेली, तो चढ नातीच्या कपाळावरचा घाम पुसेपर्यंत सरला. 'अरे, जरा दमाने,' असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिसरा मुक्काम ढगाखाली गेला.

चौथा त्याने लांबूनच ओळखला. पाण्याकाठचा सपाट खडक. सव्वीस वर्षांपूर्वी, अशीच पोट धरून कण्हणारी लेक त्याने पाठीवरून उतरवून त्या खडकावर निजवली होती. पुन्हा पाठीवर घ्यायची वेळ आलीच नाही.

त्याने घाईघाईने नातीच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. खडक विमानाच्या पोटाखाली गेला, पलीकडून निघाला आणि लहान होत होत दिसेनासा झाला.

"किती वेळ झाला हो, साहेब?"

"बारा मिनिटं," वैमानिक मागे न वळता म्हणाला.

बारा मिनिटं! डोंगर तेच, दऱ्या त्याच, आणि चार दिवस बारा मिनिटांत मागे पडले. म्हाताऱ्याच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही आपल्या डोळ्यांना दिसेल, असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. त्याला आनंद झाला होता आणि तो सोसवत नव्हता.

दुपारी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाल्या, "अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. काढलं. आता काळजी नाही. वेळेत आणलंत."

म्हातारा बाकावरून उठला. भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"परत एकदा सांगता का, बाई?"

आजोबांना कमी ऐकू येत असेल, असं बाईंना वाटलं. त्या त्याच्या कानाशी वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वेळेत आणलंत, आजोबा!"