आज भाजी कोणती केलीत

वडिलांचं तेरावं उरकलं आणि मृणालने आईच्या खोलीत भिंतीवर ‘सोबती’ हे दुःखात धीर देणारं बोलकं यंत्र बसवून दिलं.

"मान्यताप्राप्त पद्धत आहे, आई. आणि ती उभी राहिलीय तू हेल्पलाइनवर बावीस वर्षं दुःखी बायकांशी बोललीस, त्याच रेकॉर्डिंगवर. आता तुझंच शहाणपण तुझ्या कामी येईल."

मुलगी आपल्या घरी परतल्यावर शैलजाबाई पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या. "बावन्न वर्षांचा संसार," त्या भिंतीला म्हणाल्या, "आणि ते गेले तेव्हा मी औषधांच्या दुकानात रांगेत उभी होते."

सोबतीने मायेने विचारलं, "आज भाजी कोणती केलीत?"

शैलजाबाईंचं रडू थांबलं. हा प्रश्न त्यांचाच होता. या प्रश्नानंतर रडणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणी शांत होतात, असं संशोधकांना रेकॉर्डिंगमध्ये आढळलं, आणि तीच पद्धतीची पहिली पायरी ठरली. तो प्रश्न त्या का विचारायच्या, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. पलीकडची बाई रडायला लागली की त्यांना ऐकवत नसे. विषय बदलायला त्या भाजीवर यायच्या, इतकंच.

"सांगा ना," सोबती म्हणाला. "मी ऐकतोय."

"मेथीची," शैलजाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून गप्प बसल्या.

मन शांत झाल्याचा हिरवा दिवा भिंतीवर लागला. त्या नव्वद जणी कशाने गप्प झाल्या होत्या, ते शैलजाबाईंना आत्ता कळलं. पलीकडे ऐकणारं कुणी नाही, हे त्या बायकांच्या ध्यानात आलं होतं.