खिडकीतला पिस्टन

नवं इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून ह्यांच्या जुन्या स्कूटरसाठी मी भंगारवाल्याकडून मोठ्या मापाचा सिलेंडर आणला आणि फक्त पिस्टन नवा घेतला. सगळं माझ्या हातांनी बसवलं.

"जपमाळ ओढणाऱ्या हातांना ग्रीस! आता देव तरी ओळखेल का तुला?" हे हसले. पण गाडी चढावर अशी पळायला लागली, की चेष्टा आपोआप थांबली.

जुना पिस्टन मी धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.

हे गाडी चालू करून निघाले की तो तापतो. गाडी बंद केली की लगेच गार. असं का, ते मी कुणाला विचारलं नाही. उलट मला त्याचा आधारच वाटतो. नुसता हात लावला की कळतं, हे अजून रस्त्यावर आहेत.

आज संध्याकाळी मी जपाला बसले होते. माळ पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"अगं, मी आहे. गाडी चढावर बंद पडली, चालत आलो." आवाज ह्यांचाच होता.

मी उठले. जाता जाता सवयीने पिस्टनला हात लावला आणि चांगलाच चटका बसला.

मी बसवलेलं इंजिन बंद पडलेलं नाही. हे गाडीवर आहेत, घराकडे येताहेत.

मी कडीवरचा हात मागे घेतला.

"जप चाललाय ना?" बाहेरून हळूच आवाज आला. "बोलू नकोस. नुसती कडी काढ."