द्वारकाबाईंची अडचण

“द्वारकाबाई, स्वाध्याय कुठंय?”

आशा मॅडमनी हा प्रश्न गेल्या रविवारीही विचारला होता, त्याच्या आदल्या रविवारीही. द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि भिंतीकडे पाहिलं.

“राहिला, मॅडम.”

अभ्यासकेंद्राच्या त्या खोलीतला पंखा नुसता खडखडायचा, वारा नावाला नाही. मॅडमचं डोकं आधीच तापलेलं. शेजारच्या बाकावर गुलमंडीतल्या कापडदुकानात काम करणारा युसूफ होता. त्यानं आपल्या शंका सरळ विचारल्या, कळलं नाही ते पुन्हा समजून घेतलं आणि उठला.

“शुक्रिया मॅडम, आता जमतंय.”

विद्यार्थी असा असावा. नाहीतर ही बाई! पन्नाशीत बी.ए. करायला निघाली आणि काही विचारलं की मूग गिळून बसते.

युसूफ गेल्यावर मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. “उद्या शेवटचा दिवस. स्वाध्याय आला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं समजा! विषय कळत नाही का?”

“कळतो की. पण हे वर्ष गेलं तर मी परत यायची नाय, मॅडम.”

“मग अडचण सांगा ना! मार्गदर्शक म्हणजे काय मनकवडा असतो? तुम्ही बोलल्याशिवाय मला कळणार कसं?”

“बोलायला बरं नाय दिसत.”

“इथं मी तुमची मॅडम आहे. बोला.”

द्वारकाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग सुटल्याच.

“नातू अजून रांगतोय. दिसभर माझ्याकडं. सून नोकरीला जाती, आली की आपलंच काम काढून बसती. सैपाक माझ्यावर, धुणं माझ्यावर. पुस्तक उघडलं की पोरगं रडतंय.”

“सुनेला सांगितलं का?”

“काय सांगू? शिका म्हणून तीच मागं लागली. नाव पण तिनंच घातलं. शिका म्हणायचं अन् येळ द्यायचा नाय! लई राग येतो मॅडम. पोरगी वाईट नाय, पण तिला दिसतच नाय.”

“आणि मुलगा?”

“त्याला चहासुदिक हातात लागतो. आज पोरगं त्याच्याकडं टाकून आले, तर दोनदा फोन झाला त्याचा. दुधाची बाटली कुठंय म्हणं.”

शरमेनं मॅडमचे कान तापले. त्या उठल्या, पर्स खांद्याला अडकवली आणि कोरे कागद द्वारकाबाईंच्या पुढ्यात ठेवले.

“तुम्ही इथंच बसून निवांत लिहा, आत्याबाई. तुमच्या लेकाला कुकर लावायला शिकवायला मी आपल्या घरी चालले.”