गाडीतला दम

"गाडीत लई दम हाय बघा, भाभी," आपली जुनी गाडी विकायला आलेले व्यंकटमामा बॉनेटवर थाप मारत म्हणाले, आणि तिथंच फसले. दुसऱ्या कुणापुढं हे वाक्य खपून गेलं असतं. हुमेरा लग्नात बिर्याणीच्या मोठाल्या देगा शिजवणारी बाई. वीस किलो तांदळाची देग दमावर ठेवून, झाकणाला हात न लावता आतला भात कुठवर आलाय ते ती सांगायची. तिला दम शिकवायला निघाले होते मामा.

उमरग्याला हायवेच्या कडेला, बंडप्पा मिस्त्रीच्या गॅरेजपुढं ती डिझेल पिकअप उभी होती. रंग कधीकाळी पांढरा असावा. हुमेराचा नवरा जैनोद्दीन आत वाकून मीटर वाचत होता. एकदा वाचून विश्वास बसेना, म्हणून त्यानं पुन्हा वाचला.

"तीन लाख बेचाळीस हजार," तो बाहेर येत म्हणाला. "हैदराबादला आठशे बाऱ्या जाऊन आली असंल ही."

"रस्ता पाठ झाला असंल मग," हुमेरा म्हणाली.

तिला थट्टा सुचत होती, पण लक्ष घड्याळाकडं होतं. मुरुमच्या लग्नघरी बारा वाजायच्या आत निरोप द्यायचा होता. सहाशे माणसांचं जेवण. जैनोद्दीननं बोलणी केली तेव्हा मुलीच्या बापानं साफ सांगितलं होतं, स्वतःची गाडी असेल तर बोला, नाहीतर मी मुजीब सेठना सांगतो. मुजीब सेठ म्हणजे जेवणाचे कंत्राटदार. नऊ वर्षं देगा हुमेराच्या, हात हुमेराचे, आणि टेम्पो तेवढा सेठचा. तेवढ्यावर ऑर्डर सेठची आणि नावही सेठचं. 'बिर्याणी खावी तर मुजीब सेठची,' असं लोक तिच्यासमोर बोटं चाटत म्हणायचे. तिला त्याचा राग यायचा. नऊ वर्षं मुरलेला राग होता तो.

बंडप्पानं इंजिन चालू केलं आणि ऑईलचं झाकण काढलं. भोकातून भक् भक् करत धूर यायला लागला.

"बघा. धापा टाकाय लागलंय."

जैनोद्दीनचा चेहरा पडला. "चल घरी. पुढच्या साली बघू."

"जुन्या डिझेलचं असंच ऱ्हातंय हो," व्यंकटमामा घाईघाईनं म्हणाले. "दम हाय म्हणूनच भाईर फेकतंय."

हुमेरानं बांगड्या वर सारल्या आणि त्या भोकावर तळहात धरला. ऊन, ओली वाफ हाताला ढकलत होती. तिनं हात काढला, वास घेतला, ओढणीच्या टोकाला पुसला.

"ह्यो दम न्हाय, मामा. दम आत ऱ्हातो. भाईर आला की त्याची वाफ झाली." मग ती बंडप्पाकडं वळली. "कुठनं निसटतंय हे?"

बंडप्पानं एका हाताची मूठ केली, दुसऱ्या हाताची बोटं तिच्याभोवती धरली. "आत पिस्टन असतंय. त्याच्याभोवती रिंगा. त्या झिजल्या. आतला जोर कडंनं पळाय लागलाय."

"म्हंजे झाकनाची कनीक फुटली."

बंडप्पाला कळेना. तिनंच सांगितलं. देगेच्या झाकणाला कडेनं कणीक थापून तोंड बंद करतात. ती कुठं तडकली, की वाफ तिथून पळते आणि भात कच्चा राहतो.

"हां, तसंच म्हना की," बंडप्पा हसला.

"आन् तळ? तळाला भोक हाय का?"

आता मात्र त्याचं हसू थांबलं. त्यानं ऑईलची पट्टी ओढून काढली, तेल बोटांत चोळलं, उन्हात धरून पाहिलं. पान्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"तळ शाबूत हाय, भाभी. तेलात चुरा न्हाय, आत ठोका न्हाय. रिंगा बदलल्या की भागतंय."

"मग कनीक फुटली म्हनून देग भंगारात कोन घालतंय?"

जैनोद्दीन तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "रिंगा घालूनबी न्हाय चालली तर? लोक म्हनतील, बाईचं ऐकून गाडी घेतली."

"म्हनू दे. अजी, आजवर भात करपला की बावर्चीन, आन् जमला की सेठ. आता दोन्ही माझंच असू द्या." आणि तिथूनच ती मोठ्यानं म्हणाली, "मामा, गाडी घेतली. रिंगा तुमच्या खर्चानं. शुक्करवारच्या आत."

"आवो, तुमी तर मलाच दम द्याय लागलाव!"

"रविवारी लगीन हाय. दम धराय येळ कुठं हाय मला?"

व्यंकटमामा कुरकुरले, बंडप्पाकडं बघून घेतलं, आणि शेवटी इसार घ्यायला हात पुढं केला.

बाराला वीस कमी असताना जैनोद्दीननं मुरुमला फोन लावला. तो बोलणार, तोच हुमेरानं फोन त्याच्या हातातून घेतला.

"सलाम. गाडी झाली आमची."

"बरं झालं," पलीकडून मुलीचा बाप म्हणाला. "पन बावर्ची कोन आननार? आमच्या थोरलीच्या लग्नात मुजीब सेठनं जेवन केलतं. लोक अजून नाव काढतेत. तसं जमंल का तुमच्या मानसाला?"

"ते तुमी जेवलाव न्हवं?"

"म्हंजे काय! दोनदा घेतलं."

"मग माझ्याच हातचं जेवलाव की."

हुमेरा फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"थांबा, लिहून घेतो," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"