चितारलेल्या म्हशीची चाल

पडद्यावर चित्रांना चालावयास लावणाऱ्या एका आद्य कलावंताची सत्त्वपरीक्षा आज वाचकांसमोर सविनय मांडीत आहे.

शंभूराव पोवारांनी चितारलेली म्हैस पडद्यावर पाहून कोल्हापूरच्या चित्रपट कंपनीचे मालक कडाडले, “पोवार, ही म्हैस हाय का बाकडं? शनिवारपतूर नीट चालली न्हाई, तर तुमचं हे खूळ बंद!”

शंभूराव खिन्न मनाने घरी परतले. उशीर झाला म्हणून धर्मपत्नी हौसाबाई संतापल्या आणि पाय आपटीत स्वयंपाकघराकडे निघाल्या. ती डुलती, भारदस्त पावले पाहताच कलावंताचे नेत्र चमकले. मग ते रोज मुद्दाम भांडण उकरून काढीत आणि गुपचूप त्यांची चाल रेखाटीत.

शनिवारी पडद्यावर म्हैस अशी डुलत निघाली की मालकांनी पोट धरून हसत टाळ्या पिटल्या. पाहावयास आलेल्या हौसाबाई मात्र पतीकडे वळल्या.

“अवो, ही चाल माझी हाय.”

शंभूरावांनी ओशाळून त्यांच्या चालीच्या रेखाटनांची वही पुढे केली.

हौसाबाईंनी ऐटीत पदर सावरला. “म्हंजे इतकं दिस उगंच भांडलासा व्हय? नुसतं सांगायचं की, मी चालून दाखवलं असतं!”

येथवर सोबत केलीत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
मारुती बाळा लोहार