सापडल्याचं ठिकाण

रियाजची बायको कमरजहां गेल्याचं कळलं त्या दुपारी घरी माणसं जमू लागली. दार वाऱ्याने सारखं आपटत होतं, म्हणून रियाजने खिडकीतला तिचा काळा दगड उचलून दाराशी लावला. उचलताना हात खाली ओढला गेला. दगड मुठीएवढाच. भट्टीतला स्लॅग इतका जड नसतो.

पंधरा वर्षं तो दगड घरात होता. "आसमान से आया है," ती सांगायची. रियाजने धायरीच्या फाउंड्रीत तीस वर्षं भट्टी सांभाळली होती. त्याने हातही न लावता निकाल दिला होता, "स्लॅग आहे. लोखंड वितळवताना वर येतो तो मळ. आमच्याकडे ट्रक भरून टाकतात." पाहुण्यांसमोरही तो हेच सांगायचा.

तीन महिन्यांनी तो भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत पूर्वा मॅडमसमोर बसला होता. दगडाचा कोपरा नखाएवढा कापून, घासून झाला होता.

"खरा आहे, काका. आकाशातूनच पडलेला."

"नीट बघा, मॅडम. चुंबक स्लॅगलाही चिकटतो."

"चुंबकावर नाही ठरवलं. कापलेल्या जागी चकाकणारे कण बघा. लोखंड आहे, त्यात निकेलही निघालं. आणि तुम्ही भट्टीवर होतात ना? मग स्लॅगमधले बुडबुडे दाखवा मला यात."

रियाजने भिंग डोळ्याला लावलं. दगड फिरवून फिरवून पाहिला. एकही बुडबुडा नव्हता.

"मग याला तिचं नाव द्या," तो म्हणाला. "कमरजहां."

"माणसाचं नाव देत नाहीत. जिथे सापडतो, त्या गावाचं देतात. शोधणारी म्हणून काकूंचं नाव नोंदीत येईल, पण आधी ठिकाण हवं. कुठे सापडला?"

रियाजने भिंग टेबलावर ठेवलं.

"त्या कधी बोलल्या असतील ना?"

"बोलली. दहा वेळा बोलली!" त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर केली. "मी दर वेळी मध्येच तोडलं."

पूर्वाने पेन उचललं. "अज्ञात लिहू?"

"नका लिहू." त्याने नोंदीचा अर्ज तिच्या हाताखालून ओढून घेतला. "अज्ञात कसं? तिला माहीत होतं."

घरी येऊन त्याने कमरजहांच्या बहिणीला फोन केला, मग जुन्या शेजारणीला. दोघींना दगड आठवत होता, ठिकाण नाही. शेवटी मुलीला, शाइस्ताला विचारलं.

"अब्बा, अम्मी सांगायला लागली की तुम्ही स्लॅग म्हणायचात आणि आम्ही हसायचो. पुढचं कोण ऐकत होतं?"

अर्जात सगळं लिहून झालं आहे. ठिकाणाचा रकाना तेवढा भरायचा राहिला आहे.